सहल आणि शिवारफेरी

आमच्या महाविद्यालयाच्या वार्षिक सहलीचा वृत्तांत लिहिण्याचे काम गेली कित्येक वर्षे माझ्याकडे आहे. त्या वृत्तांतांची जुनी वही परवा चाळीत असता एक गोष्ट ध्यानी आली. मुक्काम कोठे झाला, भोजनास काय होते, परतताना कोणी कोणती गाणी म्हटली, याची नोंद दरवर्षी अगत्याने केलेली आहे. परंतु ज्या भूमीवरून आमची मोटार गेली तिच्याविषयी मात्र चार ओळीही आढळत नाहीत. इतिहासाचा अध्यापक बरोबर असता ही अवस्था, आणि तो अध्यापक मीच! तेव्हा या लेखास प्रायश्चित्ताचे थोडे स्वरूप आले तर वाचकांनी क्षमा करावी.

आमचा प्रदेश हा पाहण्यासारखाच आहे. महाबळेश्वरी वर्षास २०० इंचांहून अधिक पाऊस पडतो, आणि तेथून पूर्वेस सरळ रेषेत जेमतेम ६० मैलांवर माण तालुक्यात २० इंच पडला तर लोक ते साल चांगले समजतात. एवढ्याशा अंतरात पावसाची इतकी उतरंड फार थोड्या मुलखांच्या वाट्यास आली असेल. सह्याद्रीच्या माथ्यावर जांभा दगड, त्याखाली कृष्णा-कोयनेची काळी कसदार मळी, आणि तिच्यापलीकडे खटाव, माण, आटपाडी, जत असा माळांचा व मेंढरांचा देश. सातारा आणि सांगली ही नावे आज निराळी घ्यावी लागतात ती राज्यकारभाराच्या सोयीसाठी. १९४९ साली संस्थाने विलीन झाल्यावर दक्षिण सातारा हा जिल्हा निर्माण करण्यात आला व १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. भूमीने ही वाटणी कधीच मानलेली नाही. येरळा खटावात उगम पावते आणि कृष्णेस मिळते ती सांगलीच्या बाजूस.

या मुलखात विद्येने भूमीकडे केव्हा आणि कसे पाहिले, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय. त्याचा आरंभ करण्यास १९१९ हे साल मला सोयीचे वाटते, कारण त्या एका सालात परस्परांशी काहीही संबंध नसलेल्या तीन गोष्टी घडल्या. सांगलीजवळ डेक्कन एज्युकेशन सोसायटीने विलिंग्डन महाविद्यालय उघडले. कऱ्हाड तालुक्यातील काले या गावी भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. आणि मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राच्या नव्या आसनावर पॅट्रिक गेडिस नावाचे एक स्कॉटिश गृहस्थ येऊन बसले.

गेडिस यांचे नाव आज नगररचनेच्या ग्रंथांतच आढळते. मूळचे ते वनस्पतिशास्त्रज्ञ. कोणत्याही प्रदेशाचा अभ्यास डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंत उतरत जाऊन करावा; वर खाणकामगार व लाकूडतोड्या, मध्ये शिकारी व धनगर, खाली शेतकरी आणि शेवटी कोळी, असा उतारावरील माणसांचा व त्यांच्या धंद्यांचा मेळ पाहावा, असा त्यांचा आग्रह असे. या पद्धतीस ते खोऱ्याचा छेद म्हणत. एडिंबरोस त्यांनी एका मनोऱ्यावर विद्यार्थ्यांना चढवून आधी सारा प्रदेश दाखवावयाचा आणि मग पुस्तके उघडावयाची, असा क्रम ठेवला होता. मुंबईत ते १९२४ पर्यंत होते. त्यांच्या सिद्धांताचा इतका उघडावाघडा नमुना महाबळेश्वर ते आटपाडी या वाटेवर पडलेला आहे की, तो पाहून त्यांस आनंद झाला असता. फरक एवढाच, की त्यांचा छेद समुद्रास जाऊन मिळतो आणि आमचा समुद्राकडे पाठ फिरवून दुष्काळात उतरतो.

विद्यापीठांनी आपल्या भिंतींबाहेर जाऊन शिकवावे, ही कल्पना तोवर युरोप-अमेरिकेत रुळलेली होती. केंब्रिजने १८७३ साली बाहेरगावी व्याख्याने सुरू केली. अमेरिकेत १९१४ च्या कायद्याने कृषिमहाविद्यालयांना खेड्यांत जाऊन शेतकऱ्यांस शिकविण्यासाठी सरकारी पैसा मिळू लागला. या कार्यास आपण विस्तार म्हणतो. शब्द चांगला आहे, पण त्यात एक खोच आहे. विस्तार हा केंद्राकडून परिघाकडे होतो. केंद्री विद्या आहे आणि परिघावर अज्ञान आहे, हे त्यात गृहीत धरलेले असते. आमच्याकडील इतिहास मात्र या गृहीतास वारंवार आडवा गेलेला दिसतो.

भाऊरावांचेच पाहा. संस्था काढण्यापूर्वी व नंतरही काही काळ ते फिरते विक्रेते होते. ओगल्यांची काचेची वस्तू आणि किर्लोस्करांचा लोखंडी नांगर खेडोपाडी खपविणे हा त्यांचा उद्योग. किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० साली औंध संस्थानाच्या हद्दीत, पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळावर उभा राहिला. लोखंडाने जमिनीस विष होते, अशी समजूत असल्यामुळे तो नांगर आरंभी कोणी घेईना. या समजुतीस आपण सुशिक्षित लोक हसतो. पण शेतकऱ्याच्या बाजूने विचार करावा. ज्याच्या घरात पुढील वर्षाचे बी आणि एक बैलजोडी याखेरीज काही नाही, त्याने परक्याच्या शब्दावर आपली जमीन एका नव्या अवजाराच्या हवाली का करावी? तो नांगर खपला तो जाहिरातीने नव्हे. शेजाऱ्याच्या रानात चाललेला डोळ्यांनी पाहिला तेव्हा. शेतकऱ्याची विद्या बांधावरून बांधावर जाते, हा धडा नांगर विकणाऱ्या भाऊरावांस कोणत्याही विद्यापीठाने दिला नव्हता.

१९२४ साली त्यांनी साताऱ्यास वसतिगृह आणले. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याचे नामकरण होऊन ते शाहू महाराजांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. त्यात सर्व जातींची मुले एका पंक्तीस जेवत, हे सर्वश्रुत आहे. तीच मुले हाती कुदळ-फावडे घेऊन माळ फोडीत आणि त्यात पिकलेले खात, याकडे मात्र आपण केवळ गरिबीवरील तोड म्हणून पाहतो. माझ्या मते तेथे एक निराळीच गोष्ट घडत होती. जो मुलगा सकाळी मुरूम खणून त्यावर माती ओढतो आणि दुपारी भूगोलाच्या तासास बसतो, त्याला मातीचा थर म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. १९४७ साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी महाविद्यालय निघाले तेव्हा हीच 'कमवा व शिका' पद्धती उच्च शिक्षणात आली. पुढे अनेक विद्यापीठांनी तिचे अनुकरण केले; पण बहुतेक ठिकाणी फावड्याची जागा ग्रंथालयातील पुस्तके लावण्याने अथवा कचेरीतील कारकुनीने घेतली. कमाई राहिली, माती गळाली.

कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ १९६२ साली स्थापन होऊन सातारा, सांगली व कोल्हापूर हे जिल्हे त्याच्या कक्षेत आले. राहुरीचे कृषिविद्यापीठ १९६८ चे. १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, राष्ट्रीय सेवा योजना आली आणि महाविद्यालयीन मुले दहा दिवस खेड्यात राहून श्रमदान करू लागली. या शिबिरांविषयी मी अधिकाराने बोलू शकतो, कारण माझ्या तरुणपणी अशाच एका शिबिरात आम्ही एका ओढ्यावर मातीचा बांध घातला होता. काम चालू असता एक म्हातारे शेतकरी रोज येऊन पाहत बसत. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "सर, हितं बांध टिकायचा न्हाई. वरनं पानी येतंय त्येचं आधी बघा." मी त्यांस शास्त्रीय भाषेत समजावून दिले. बांधाचे रीतसर उद्घाटन झाले, छायाचित्र निघाले, आणि पहिल्याच वळवाच्या पावसात तो बांध वाहून गेला. त्या बाबांची आठवण आली की मला अद्यापि संकोच वाटतो. ओढ्याचे काम माथ्यापासून पायथ्याकडे करावे, हे सूत्र पुढे मी पुस्तकांत वाचले.

विद्वानांनी शिकवावयास जावे आणि शिकून यावे, याचे सर्वात ठळक उदाहरण खानापूर तालुक्यातील आहे. १९८२ च्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्या तालुक्यातील कितीतरी गिरणी कामगार आपल्या गावी परतले. गावी दुष्काळ होता. रोजगार हमीवर खडी फोडण्याचे काम मिळे. पण खडी फोडून दुष्काळ हटत नाही, हे कारखान्यात वावरलेल्या त्या माणसांच्या ध्यानी लौकरच आले. डॉ. भारत पाटणकर प्रभृतींच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या मुक्ती संघर्ष चळवळीने तेव्हा एक अपूर्व गोष्ट केली. पाऊस किती पडतो, पाणी कोठे जाते, पूर्वी कोणती पिके होती व ती का गेली, या प्रश्नांचा शोध गावकऱ्यांनी स्वतः घ्यावयाचा आणि त्यासाठी अभ्यासकांना, शास्त्रज्ञांना व विद्यार्थ्यांना गावात बोलावावयाचे. येथे विद्यापीठाचा विस्तार गावाकडे होत नव्हता. गाव आपला प्रश्न घेऊन विद्येच्या दाराशी गेले होते. के. आर. दाते यांच्यासारख्या अभियंत्यांचे साह्य त्यांस लाभले.

येरळेच्या पात्रातील वाळू ठेकेदार नेत होते. वाळू गेली की पात्रात पाणी मुरत नाही व काठच्या विहिरी आटतात, हे या शोधातून उघड झाले. बलवडी व तांदुळवाडी या गावांच्या लोकांनी मग ठरविले की, त्याच वाळूचा थोडा अंश आपण विकावा आणि त्या पैशातून आपले धरण आपणच बांधावे. सरकारी परवानगीसाठी झगडावे लागले, हितचिंतकांकडून पैसा उभा करावा लागला. अखेर १९८९ साली बळीराजा धरण उभे राहिले. धरण लहानच आहे. परंतु ज्यांच्याकडे जमीन नाही त्या कुटुंबांनाही पाण्याचा वाटा, आणि हे पाणी उसासारख्या तहानलेल्या पिकासाठी नव्हे, ही जी तत्त्वे त्या योजनेत घालण्यात आली ती मोठमोठ्या धरणांच्या कागदपत्रांत शोधूनही सापडत नाहीत. त्या काळी दूरदूरचे अभ्यासक येरळेच्या काठी येऊन गेले. त्यांपैकी किती जणांनी तेथे काही शिकवले हे सांगता येणार नाही; शिकून मात्र पुष्कळ जण गेले.

याच प्रांतात श्री. अ. दाभोळकर यांचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. ते गणिताचे प्राध्यापक. त्यांनी 'प्रयोग परिवार' नावाने द्राक्षबागाईतदारांचे एक जाळे विणले. तासगावच्या बाजूस ज्याने आपल्या वेलीवर काही नवे करून पाहिले त्याने ते दुसऱ्यास कळवावे, दुसऱ्याने येऊन ते पाहावे, पारखावे आणि आपल्या बागेत पुन्हा करून पाहावे, असा तो व्यवहार. या विद्यापीठास इमारत नव्हती, कुलगुरू नव्हते व पदवीही नव्हती. परीक्षक होते ते व्यापारी आणि पाऊस. अलीकडे, २०१६ साली, पाणी फाउंडेशनच्या पहिल्या स्पर्धेत राज्यातून अवघे तीन तालुके निवडले गेले, त्यांत आमचा कोरेगाव होता, आणि पहिला क्रमांक त्याच तालुक्यातील वेळू गावाने पटकाविला. त्या कामाचा आरंभही गावातील निवडक माणसांनी बाहेर जाऊन प्रशिक्षण घेण्यापासूनच झाला होता. हीदेखील सहलच, फक्त परतल्यावर वृत्तांत कागदावर न लिहिता समतल चरांच्या रूपाने डोंगरावर लिहावयाचा, एवढाच भेद.

आता ज्या सहलीसाठी आमचे विद्यार्थी हट्ट धरतात त्या कासकडे वळू. साताऱ्याच्या पश्चिमेस सुमारे २५ किलोमीटरवर हे पठार आहे. २०१२ साली पश्चिम घाटातील इतर स्थळांबरोबर त्याची जागतिक वारशात गणना झाली आणि भाद्रपद-आश्विनात तेथे माणसांचा पूर लोटू लागला. आसपासच्या गावांच्या समित्या प्रवेशशुल्क घेतात, वाटाडे देतात, गर्दीस आळा घालतात. हे चांगलेच आहे. परंतु फुले इतकी का, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. उत्तर मोठे विलक्षण आहे. तेथील जांभ्यावर मातीचा थर बोटभर, आणि तोही निकस. नत्र इतके अल्प की सीतेची आसवे, दवबिंदू यांसारख्या वनस्पतींना कीटक खाऊन उणीव भरून काढावी लागते. माती दरिद्री म्हणूनच गवताचे व झाडांचे साम्राज्य तेथे माजत नाही आणि या नाजूक फुलांस जागा मिळते. कोणी धर्मबुद्धीने त्या पठारास दोन गाड्या खत घातले तर ते फुलांचे हितकर्ते ठरणार नाही.

तेथे फुलांच्या रक्षणासाठी जाळीचे कुंपण घालण्यात आले होते. हेतू शुद्ध होता. पण गुरांच्या चरण्याचा, खुरांचा व शेणाचा त्या फुलांच्या चक्राशी पिढ्यान्पिढ्यांचा संबंध असून तो तोडणे योग्य नव्हे, असे मत गावकऱ्यांतून व अभ्यासकांतूनही पुढे आले, आणि कुंपण पुढे काढण्यात आले. मी मुलांना घेऊन गेलो होतो त्या वर्षी वाटेवर एक गुराखी भेटला. मुलांच्या वह्यांत फुलांच्या नावांची यादी पाहून तो म्हणाला, "फुलं मोजली तुमी, पर हितलं पानी कुठं जातंय त्ये बघितलं का?" कोणीच पाहिले नव्हते. त्याने आम्हांस पठाराच्या कडेला नेऊन खालचे झरे दाखविले. वरचा जांभा पावसाचे पाणी स्पंजासारखे शोषून ठेवतो व खाली सावकाश सोडतो, हे त्याने हातवारे करून सांगितले. माझ्या वहीत भूमीविषयी लिहिलेल्या पहिल्या चार ओळी त्या त्याच्या आहेत.

त्यानंतर आम्ही सहलीचा मार्ग बदलला. एक दिवस कास, दुसरा दिवस वाळवा तालुका, तिसरा आटपाडी. गेडिस यांचा छेद, पण आमच्या पायांनी.

वाळव्यात काय पाहावयाचे, असे मुलांनी विचारले. कृष्णाकाठची काळी जमीन पाहावयाची. ज्या जमिनीची महाराष्ट्रात ख्याती, तिच्यातील कितीतरी शेते आज पांढरी पडली आहेत. उपसा सिंचनाचे पाणी आले, उसाचे पीक आले, साखर कारखाने आले, घरांवर मजले चढले. काळी माती पाणी धरून ठेवते, सहजी सोडीत नाही. पाटाने वर्षानुवर्षे मोकाट पाणी दिले आणि ते निघून जाण्यास वाट ठेवली नाही, म्हणजे जमिनीखालचे पाणी वर चढू लागते. ते क्षार घेऊन वर येते, उन्हाने उडून जाते व क्षार पृष्ठभागी राहतात. यालाच लोक जमीन चोपण झाली असे म्हणतात. अशा जमिनीत प्रथम हरभरा येत नाही, मग ऊस खुरटतो, शेवटी लव्हाळाच उरतो. कसबे डिग्रज येथे कृषिविद्यापीठाचे संशोधन केंद्र या दुखण्यावर काम करीत आले आहे. जमिनीखाली सच्छिद्र नळ घालून पाण्याचा निचरा करणे हा त्यावरचा उपाय. उपाय आहे, परंतु खर्चाचा. आणि एकट्याने करून भागत नाही, कारण आपले पाणी शेजाऱ्याच्या शेतातूनच बाहेर काढावे लागते.

आमच्या वर्गातील एक मुलगा त्याच बाजूचा होता. त्याच्या घरची दोन एकर जमीन अशी गेली होती, हे आम्हांस तेथे गेल्यावर कळले. वडिलांनी आम्हांस चहा पाजला, परंतु शेत दाखविले नाही. "त्यात बघण्यासारखं काय न्हाई," एवढेच म्हणाले. मीही आग्रह केला नाही.

तिसऱ्या दिवशी आटपाडीस गेलो. टेंभूच्या योजनेचे पाणी त्या तालुक्यात पोचलेले आहे. टेंभू हे कऱ्हाडजवळचे गाव, आगरकरांची जन्मभूमी. ज्या गावाने महाराष्ट्रास विवेक दिला त्याच्या नावाने आता माणदेशाकडे पाणी धावते, हा योग इतिहासाच्या अध्यापकास सुखावणारा आहे. ज्या मुलखाने पिढ्यान्पिढ्या घागरभर पाण्यासाठी कोसभर वाट तुडविली त्या मुलखास पाणी मिळू नये, असे कोणता करंटा म्हणेल? एका डाळिंबाच्या बागेच्या बांधावर आम्ही बसलो होतो. बागवान उत्साहात होते. डाळिंबावर रोग फार, तेव्हा पाणी आलेच आहे तर खालच्या काळ्या रानात आता ऊस लावावा म्हणतो, असे ते बोलले.

मी काही सांगणार तोच तो वाळव्याचा मुलगा बोलू लागला. तीन दिवसांत त्याने तोंड उघडले नव्हते. त्याने आजोबांच्या वेळचे पहिले पाणी सांगितले, पहिल्या वर्षांचा उतारा सांगितला, पाटाचे पाणी रात्रभर सोडून झोपण्याची सवय सांगितली, आणि मग मातीवर प्रथम कधी पांढरे दिसू लागले ते सांगितले. बागवानांनी मध्ये एकच प्रश्न केला.

"किती सालं लागली?"

मुलाने वर्षे मोजून सांगितली. बागवान बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमाला दावशील का त्ये रान?"

पुढल्या महिन्यात आटपाडीकडील अकरा शेतकरी एका टेम्पोतून वाळव्यास गेले. मीही त्यांच्याबरोबर होतो, या खेपेस मात्र वृत्तांत लिहिण्याचे काम माझ्याकडे नव्हते. मुलाचे वडील दारात उभे होते. आम्हांस जे शेत त्यांनी दाखविले नव्हते तिकडे ते त्या मंडळींना कोणी न सांगता घेऊन गेले. पांढऱ्या पडलेल्या पृष्ठभागावर चालताना कोणी बोलत नव्हते. मध्यभागी जाऊन त्यांनी कुदळीने खणावयास आरंभ केला. दोन-अडीच फुटांवर खड्ड्यात पाणी दिसू लागले. बागवानांनी वाकून चिमूटभर माती उचलली, जिभेवर ठेवली, आणि चवीसाठी ती शेजारच्या माणसाच्या तळहातावर दिली.